शास्त्र पाठ, हात रिकामे

तिरुपतीच्या बाजूच्या जंगलात डोंगरे कुटुंबाने अकरा दिवस आणि अकरा रात्री पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढल्या. मद्रास इलाख्यातल्या दुष्काळाची ही हकिगत पंडिता रमाबाईंनीच लिहून ठेवली आहे. वडील अनंतशास्त्री मोठे पंडित. लोकांचा रोष पत्करून त्यांनी पत्नीला संस्कृत शिकवलं होतं, आणि त्या आईने रमाबाईंना. घरात विद्या भरपूर, पण पुराण सांगण्यापलीकडे पोट भरण्याचं एकही काम कुणाला येत नव्हतं. मजुरी करायची तर जातीचा आणि पांडित्याचा अभिमान आड येई. होतं नव्हतं ते विकून दानधर्म आणि देवदेव झाले. थोड्याच महिन्यांत वडील, आई आणि थोरली बहीण गेली.

रमाबाईंच्या चरित्रात हा भाग बहुधा करुण प्रस्तावना म्हणून येतो आणि लेखक लगबगीने कलकत्त्याच्या सत्काराकडे वळतात. मला मात्र त्यांच्या पुढच्या कामाची किल्ली याच जंगलात दिसते.

भावाबरोबर पायी हिंडताना पंजाबात थंडीपासून वाचण्यासाठी नदीकाठच्या वाळूत खड्डे करून, अंगावर वाळू ओढून त्या झोपल्या. 1878 मध्ये कलकत्त्याने त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. 1880 मध्ये भाऊ वारला. पुढे बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झालं, पण दोन वर्षं व्हायच्या आत तेही कॉलऱ्याने गेले. मांडीवर मनोरमा. 1883 मध्ये इंग्लंडला गेल्यावर वाँटेज इथे मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. पतित स्त्रियांना माणूस म्हणून जवळ करणारं तिथल्या ख्रिस्ती भगिनींचं काम त्यांच्या मनाला भिडलं होतं.

1889 मध्ये मुंबईत त्यांनी मुलींच्या शिक्षणासाठी शारदा सदन काढलं. पुढच्याच वर्षी ते पुण्यात आलं. 1893 मध्ये मुलींना ख्रिस्ती केलं जातं, अशी ओरड झाली आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची भीती निराधार होती असं म्हणता येणार नाही, कारण रमाबाई आपली श्रद्धा लपवत नसत. पण त्या वादाच्या धुरळ्यात त्यांचं सगळ्यांत मोठं काम आपण पुरेसं पाहिलंच नाही.

ते काम 1896-97 च्या दुष्काळाने उभं केलं. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. उपासमारीने खंगलेल्या मुली, त्यांना हेरत फिरणारे दलाल. बाकीच्यांना जी आकडेवारी होती, ते रमाबाईंचं स्वतःचं बालपण होतं. शेकडो मुली त्यांनी आणल्या आणि केडगावच्या मळ्यात त्यांच्यासाठी मुक्ती सदन उभं राहिलं. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

तिथे अक्षरओळख होतीच, पण तिच्या जोडीला शेती, गाईगुरं, विणकाम, तेलघाणा आणि छापखानाही होता. आंधळ्या मुली ब्रेल शिकत, वेतकामही करत. कोणतंही काम हलकं मानायचं नाही, हा नियम एका शास्त्र्याच्या मुलीने घातला होता. हाताला काम नसलेल्या विद्येने आईवडिलांची काय गत केली, हे तिने पाहिलं होतं.

संस्थेची धुरा जिच्यावर जायची ती मनोरमा 1921 मध्ये गेली आणि 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई. अखेरची बरीच वर्षं त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणण्यात घालवली. ते खिळे जुळवून छापलं, तेही केडगावच्याच बायकांनी.