अश्वहृदयाचा जाणता

नळराजापाशीं अश्वविद्या होती, तर ऋतुपर्णापाशीं अक्षविद्या, ही कथा आमच्या वाचकांना नव्यानें सांगावयास नको. घोड्यांच्या शर्यतींत या दोन्ही विद्या एकाच मैदानांत नांदतात. म्हणूनच तेथें कीर्ति आणि सर्वनाश यांत फारसें अंतर नसतें.

इंग्लंडांतील रूजली या गांवीं १८३८ सालीं जॉन पोर्टर जन्मला. त्याच गांवचा डॉक्टर विल्यम पामर शर्यतींच्या नादानें कर्जांत बुडाला आणि आपल्याच स्नेह्यास विष घातल्याबद्दल १८५६ सालीं फांशीं गेला. ज्या छंदानें पामरचा घात केला, त्यांतच पोर्टरला विद्या दिसली.

जॉन डे याच्या तबेल्यांत उमेदवारी करून १८६३ सालीं तो सर जोसेफ हॉली यांचा अश्वशिक्षक झाला. १८६७ सालीं त्यानें हॅम्पशायरमधील किंग्जक्लिअर येथें बस्तान बसविलें आणि दुसऱ्याच वर्षीं त्याच्या ‘ब्लू गाऊन’नें डर्बी जिंकली.

इंग्लंडांत तीन वर्षांच्या घोड्यांच्या तीन शर्यती श्रेष्ठ मानतात. ‘टू थाउजंड गिनीज’ एक मैलाची, डर्बी दीड मैलाची आणि ‘सेंट लेजर’ सुमारें पावणेदोन मैलांची. पहिलीस वेग लागतो, शेवटचीस दम. शिवाय वसंतापासून सप्टेंबरपर्यंत घोडा निरोगी राखावा लागतो. हा तिहेरी मान मिळविणारे तीन घोडे पोर्टरनें घडविले: ‘ऑर्मोंड’ (१८८६), ‘कॉमन’ (१८९१) व ‘फ्लाइंग फॉक्स’ (१८९९).

यांपैकीं ऑर्मोंडनें त्याची खरी परीक्षा पाहिली. सेंट लेजरपूर्वीं रपेटीच्या वेळीं त्याच्या घशांतून घरघर ऐकूं येऊं लागली. कंठाची मज्जा दुबळी झाली, कीं धांवतांना श्वास कोंडतो. पुष्कळ घोड्यांची कारकीर्द तेथेंच संपते. पोर्टरनें मात्र त्यास जपून तयार केलें. ऑर्मोंडनें सेंट लेजर तर जिंकलीच, पण १८८७ सालीं अजिंक्य राहूनच तो निवृत्त झाला. सोळा शर्यती, सोळा विजय!

१९०५ सालीं पोर्टरनें व्यवसाय सोडला. त्याच वर्षीं त्याच्या पुढाकारानें न्यूबरीचें शर्यत-मैदान सुरू झालें. १९२२ सालीं तो वारला. १९७१ सालचा डर्बीविजेता ‘मिल रीफ’ किंग्जक्लिअरच्याच तबेल्यांत तयार झाला.

पैज मारणारास एका दिवसाचा निकाल पुरतो. मुक्या प्राण्याचा श्वास ओळखावयास जन्म घालवावा लागतो, आणि पोर्टरनें तो घालविला.