फिरत्या घराची शाकारणी

नव्या कॅराव्हॅनमधील गळती : कारणे, तपासणी व उपाय

रोहिणी नक्षत्र सरत आले की रत्नागिरी जिल्ह्यातील घराघरांत शाकारणीची लगबग सुरू होते. फुटकी कौले बदलली जातात, सरकलेली नीट बसवली जातात, पन्हळीतील पालापाचोळा काढला जातो आणि पडवीला झडी बांधल्या जातात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या जिल्ह्यात छप्पर ही एकदा बांधून विसरण्याची वस्तू नव्हे, हे शहाणपण येथे पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. याच शहाणपणाची गरज आता एका नव्या प्रकारच्या घराला, म्हणजे चाकांवरच्या घराला, भासू लागली आहे.

राज्य शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटन धोरण मंजूर केले. जेथे निवासाची पक्की व्यवस्था नाही अथवा उभारणे शक्य नाही, अशा निसर्गरम्य स्थळीही पर्यटकांना मुक्काम करता यावा, हा त्यामागील विचार आहे. गणपतीपुळे, आरे-वारे, वेळणेश्वर, गुहागर, हर्णै, मुरूड अशी किनारपट्टी लाभलेल्या रत्नागिरीला या विचाराचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. एखाद्या तरुणाने वा बचत गटाने कर्ज काढून असे वाहन घ्यावे आणि पहिल्याच पावसाळ्यात त्याच्या छतातून पाणी ठिबकू लागावे, तर केवळ गाद्या भिजत नाहीत. कर्जाचे हप्ते ज्या उत्पन्नातून फेडावयाचे ते उत्पन्नच थांबते. फिरता दवाखाना, फिरते वाचनालय व फिरती प्रयोगशाळा यांचे सांगाडेही पुष्कळसे याच पद्धतीने बांधलेले असतात. तेथे गळतीने औषधे, पुस्तके आणि उपकरणे यांचा नाश होतो. म्हणून हा विषय पर्यटन व्यावसायिकांइतकाच पंचायतींच्या व शाळांच्याही जिव्हाळ्याचा आहे.

नवे वाहन का गळते?

नवी वस्तू गळणार नाही, असा आपला सर्वसाधारण समज असतो. तो येथे लागू पडत नाही. कौलारू घराला पावसापासून वाचविणाऱ्या दोन गोष्टी असतात : उतार आणि वळचण. उतारामुळे पाणी थांबत नाही आणि भिंतीच्या पुढे आलेल्या वळचणीमुळे पागोळ्यांचे पाणी भिंतीपासून दूर पडते. कॅराव्हॅनचे छप्पर जवळजवळ सपाट असते व वळचण मुळीच नसते. छतावरचे पाणी खिडक्या, दरवाजे व दिवे यांवरूनच खाली उतरते. वायुवीजनाची झडप, वातानुकूलन यंत्र, सौर तबकड्या, वायरींचे मार्ग अशा प्रत्येक सोयीसाठी छताला भोक पाडलेले असते. त्या प्रत्येक भोकाचे रक्षण सांधा बुजविणाऱ्या लुकणाचा अर्थात सीलंटचा एक पातळ थर करीत असतो.

हा थर तुटण्यास तीन कारणे पुरेशी असतात. पहिले कारण हादरे. घर जागचे हलत नाही. कॅराव्हॅन मात्र आंबा घाट वा कुंभार्ली घाट उतरताना दर वळणावर पिळवटली जाते व तिचे स्क्रू सैल होतात. दुसरे कारण उष्णता. पाच मीटर लांबीचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा तापमानात ३० अंश सेल्सिअसचा फरक पडला असता सुमारे साडेतीन मिलिमीटर वाढतो, तर त्याखालील पोलादी सांगाडा दोन मिलिमीटरांहूनही कमी वाढतो. उन्हात तापलेल्या छतावर अकस्मात सर कोसळली की हा ताण सांध्यावर येतो. तिसरे कारण वारा. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या वाहनाच्या पुढील बाजूवर हवेचा जो दाब पडतो, तो सुमारे तीन सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका असतो. म्हणजे उभ्या वाहनात जी फट कोरडी राहते, तीच फट धावत्या वाहनात पाणी वर ढकलून आत घेऊ शकते. समुद्रावरून येणाऱ्या झडीच्या पावसात वाहन उभे असतानाही हेच घडते.

पाण्याचे प्रमाणही ध्यानी घ्यावे. पाच मीटर लांब व दोन मीटर रुंद छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर दहा लिटर पाणी जमते. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाल्यास हजार लिटर पाणी त्या छतावरून वाहून जाते. सेकंदाला एक थेंब एवढीच गळती असली, तरी दिवसाकाठी सुमारे चार लिटर पाणी आत येते आणि बहुधा ते दृष्टीस न पडता प्लायवूडमध्ये मुरते.

आधी पाणी कोठले ते ओळखावे

आत दिसणारे प्रत्येक पाणी पावसाचे नसते. ते वाहनातील नळांचे असू शकते, वातानुकूलन यंत्राच्या तुंबलेल्या निचरा-नळीचे असू शकते किंवा आतील दमट हवेतून थंड पृष्ठभागावर साचलेले दवही असू शकते. निदान चुकल्यास उपाय वाया जातो.

नळांची परीक्षा सोपी आहे. सर्व तोट्या बंद करून पाण्याचा पंप चालू करावा. दाब भरल्यावर पंप थांबतो. कोणी पाणी न वापरता तो पुन्हा पुन्हा सुरू होऊ लागला, तर नळजोडणीत गळती आहे असे समजावे. दवाच्या परीक्षेसाठी ओलसर भिंत पुसून तिच्यावर प्लास्टिकचा एक तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करावा व एक दिवस ठेवावा. प्लास्टिकच्या बाहेरील, म्हणजे खोलीकडील, बाजूस ओल आली तर ती आतील हवेची होय. भिंतीकडील बाजूस आली तर पाणी भिंतीतून येत आहे. कोकणातील दमट हवेत खिडक्या बंद करून स्वयंपाक केल्यास दवाचे प्रमाण मोठे असते. त्यावर लुकण हा उपाय नसून वायुवीजन हा उपाय आहे.

गळतीचा शोध

पाणी जेथे दिसते तेथेच ते शिरलेले असते असे नाही. छतावरील झडपेतून आलेले पाणी आतील पट्टीवरून सरकत दोन-तीन मीटर दूर एखाद्या कपाटात उतरते. म्हणून शोध पद्धतशीर करावा. एकाने बाहेर रबरी नळी घेऊन उभे राहावे आणि दुसऱ्याने आत विजेरी घेऊन बसावे. तत्पूर्वी वाहनाचा बाहेरील वीजपुरवठा तोडावा. पाणी खालून वर या क्रमानेच मारावे : प्रथम खिडकीची खालची कड, मग बाजू, मग वरची कड आणि शेवटी छत. प्रत्येक टप्प्यावर किमान दहा मिनिटे थांबावे. आरंभीच छतावर पाणी सोडल्यास सर्वत्र ओघळ येतात आणि कोणता सांधा दोषी हे कळत नाही. आत संशयित जागी खडूची पूड शिंपडली असता पाण्याची बारीक वाटही स्पष्ट दिसते. तिची खूण करून तारखेसह छायाचित्र घ्यावे.

दुसरी पद्धत हवेची आहे. सर्व झडपा बंद करून पंख्याच्या साहाय्याने वाहनात हवा भरावी व बाहेरून सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. जेथे बुडबुडे येतील तेथे फट आहे. सायकलच्या ट्यूबचे पंक्चर काढणाऱ्याला ही रीत नवी नाही.

दुरुस्तीतील पथ्ये

जुन्या लुकणावर नवे लुकण फासणे हा सर्वांत प्रचलित व सर्वांत निरुपयोगी उपाय होय. विशेषतः सिलिकॉनवर दुसरा कोणताही थर नीट चिकटत नाही. जुना थर पूर्णपणे खरवडून, पृष्ठभाग स्वच्छ व कोरडा करूनच नवा थर द्यावा. आंबूस वास येणारे सिलिकॉन घट्ट होताना अ‍ॅसिटिक आम्ल सोडते व त्याने धातू गंजतो. धातूच्या सांध्यास ते वापरू नये. झडपेच्या वा खिडकीच्या चौकटीखाली ब्यूटिल रबराची पट्टी व बाहेरील कडेस पॉलियुरेथेनचे लुकण ही जोडी अधिक टिकाऊ ठरते. खाऱ्या हवेत साधे लोखंडी स्क्रू लवकर गंजतात व त्यांच्या भोकांतूनच पाणी शिरते. तेथे स्टेनलेस पोलादाचे स्क्रू वापरावेत.

भर पावसात लुकण लावणे व्यर्थ असते. तोपर्यंत वाहन शेडमध्ये ठेवावे किंवा ताडपत्रीने झाकावे. ओला झालेला भाग एक-दोन दिवसांतच सुकविण्याची व्यवस्था करावी, अन्यथा बुरशी धरते. आतील आवरण कोरडे दिसले तरी त्यामागील प्लायवूड ओले राहू शकते. म्हणून पट्टी उघडून पाहावे. विजेच्या जोडणीजवळ ओल असल्यास जाणकार तंत्रज्ञाने तपासल्याखेरीज वीज सुरू करू नये. ३० मिलिअ‍ॅम्पिअर गळतीप्रवाहाला वीज तोडणारे आर. सी. सी. बी. साधन वाहनात असणे हा जिवाच्या रक्षणाचा प्रश्न आहे.

ताबा घेतानाची दक्षता

उन्हाळ्यात ताब्यात आलेल्या वाहनाची खरी परीक्षा मृगात होते. दिवाळीनंतर घेतलेले वाहन तर सात-आठ महिने कोरडेच राहते आणि हमीचा बराचसा काळ पाऊस न पाहताच निघून जातो. म्हणून ताबा घेण्यापूर्वीच पाण्याच्या फवाऱ्याखाली चाचणी मागावी. ग्रामपंचायत वा शासकीय कार्यालय वाहन खरेदी करीत असेल, तर ही चाचणी, हमीचा कालावधी व त्यात किमान एक पूर्ण पावसाळा यांचा उल्लेख निविदेच्या अटींतच असावा. काही रक्कम पहिल्या पावसाळ्यापर्यंत राखून ठेवण्याची तरतूदही निविदेतच करता येईल.

दोष आढळताच पुरवठादारास लेखी कळवावे व पोच घ्यावी. हमीच्या काळात आपण होऊन स्क्रू उघडल्यास वा लुकण लावल्यास हमी नाकारली जाण्याचा संभव असतो. तात्पुरती ताडपत्री घालण्यास मात्र हरकत नसते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार ग्राहकास जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागता येते. तक्रारदार जेथे राहतो वा काम करतो, त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते. त्यामुळे रत्नागिरीच्या ग्राहकास विक्रेत्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. मात्र व्यापारी हेतूने केलेली खरेदी या कायद्याच्या कक्षेबाहेर असते; केवळ स्वयंरोजगाराद्वारे उपजीविका करण्यासाठी केलेल्या खरेदीस सवलत आहे. म्हणून कर्जाच्या व खरेदीच्या कागदपत्रांत तो हेतू स्पष्ट नोंदविणे हिताचे ठरते. मार्गदर्शनासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक उपलब्ध आहे.

दरवर्षीची शाकारणी

दुरुस्ती एकदा झाली म्हणजे काम संपले असे नव्हे. वैशाखात छतावर चढून प्रत्येक सांधा पाहणे, पन्हळी साफ करणे, किनाऱ्यावरून परतल्यावर गोड्या पाण्याने वाहन धुणे, माडाच्या वा आंब्याच्या झाडाखाली ते उभे न करणे आणि पाणी निथळून जाईल अशा बेताने किंचित कलते उभे करणे, एवढी शिस्त पुरेशी आहे. शाळांतील शिक्षकांनी दाब, प्रसरण व केशाकर्षण हे धडे शिकविताना गावात आलेल्या एखाद्या फिरत्या दवाखान्याचे छत विद्यार्थ्यांस दाखविले, तर विज्ञान पुस्तकाबाहेर येईल.

कोकणातील माणूस कौलारू घरासाठी जे दरवर्षी न चुकता करतो, तेच चाकांवरच्या घरासाठी करावयाचे आहे. घर नवे असो वा जुने, मृगाआधी एकदा त्याच्या छपरावर चढलेच पाहिजे.