पट्टेरी क्लोरोफायटम : बागेतील व कुंडीतील लागवड

पावसाळ्यात शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या आवारात हौसेने लावलेली शोभेची झाडे वैशाखात करपून जातात, हा वर्धा जिल्ह्यातील अनुभव नवा नाही. येथील काळी चिकण जमीन पावसाळ्यात पाणी धरून ठेवते व उन्हाळ्यात भेगाळते. मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाते. योग्य जागा व योग्य माती मिळाल्यास या परिस्थितीत तग धरणारे झाड म्हणजे पट्टेरी क्लोरोफायटम होय.

ओळख : हे झाड गवतासारखे दिसत असले तरी ते गवत नव्हे. ते मूळचे आफ्रिकेतील असून आपल्याकडील सफेद मुसळीचे सगोत्र आहे. त्याच्या मांसल मुळ्यांत पाणी साठून राहते, म्हणून एखादी पाळी चुकली तरी झाड मरत नाही. या मुळ्यांना मुसळीप्रमाणे औषधी बाजार मात्र नाही. मुसळी म्हणून कोणी ही रोपे विकू लागल्यास शेतकऱ्यांनी फसू नये.

जागा : पानावरील पांढऱ्या पट्ट्यात हरितद्रव्य नसते. कडक उन्हात हा भाग प्रथम भाजतो. अंधाऱ्या जागी पट्टा फिका पडतो. म्हणून सकाळचे कोवळे ऊन व दुपारची सावली मिळेल अशी पूर्वेकडील पडवी किंवा मोठ्या झाडाखालील जागा निवडावी.

माती : नुसती काळी माती कुंडीत भरू नये, तीत मुळ्या कुजतात. पोयट्याची माती दोन भाग, चांगले कुजलेले शेणखत एक भाग व जाड वाळू एक भाग असे मिश्रण करावे. कुंडीच्या भोकावर खापरीचा तुकडा ठेवावा. बागेत १५ सेंटिमीटर उंचीचा गादीवाफा करून रोपे २५ सेंटिमीटर अंतरावर लावावीत.

लागवड : बियांपासून पट्टा हमखास येत नाही. लांब दांड्यांच्या टोकांशी येणारी पिले जून-जुलैत शेजारच्या कुंडीतील मातीत टेकवावीत व मुळ्या धरल्यावर दांडा कापावा. जुने बेट विभागूनही रोपे मिळतात.

पाणी व निगा : वरची दोन-तीन सेंटिमीटर माती कोरडी झाल्यावरच पाणी द्यावे. विहिरीचे पाणी क्षारयुक्त असल्यास पानांची टोके तपकिरी पडतात. अशा ठिकाणी शक्य तेव्हा साठविलेले पावसाचे पाणी वापरावे. साबणाचे पाणी घालू नये. लवकर वाढ व्हावी म्हणून युरियाचा मारा केल्यास मुळ्या जळतात. बेटात निव्वळ हिरवा फुटवा दिसताच तो मुळापासून काढावा, अन्यथा जोमाने वाढून तो पट्टेरी फुटव्यांना दाबून टाकतो. मुळ्यांनी कुंडी भरली की बेट काढून विभागावे.

ग्रामसेवकांनी आरंभी शाळेत चार-पाच कुंड्यांचाच प्रयोग करावा. एक उन्हाळा निभावल्यावर त्यांचीच पिले गावात वाटता येतील. रोपवाटिका म्हणून हा व्यवसाय करू इच्छिणाऱ्यांनी प्रथम वर्धा, हिंगणघाट येथील मागणी पाहावी. पिण्याच्या पाण्याची टंचाई असलेल्या गावी कुंड्या मोजक्याच ठेवाव्यात. माणसे व जनावरे यांचा पाण्यावरील हक्क पहिला आहे.