टीएमसीत न मोजला जाणारा काठ

पंधरा ऑक्टोबर जवळ आला की समन्यायी पाणीवाटपाचा वाद पेटतो. जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असला, तर मुळा, भंडारदरा, निळवंडे या धरणांमधून खाली पाणी सोडावं लागतं. आवर्तनं घटतील या धास्तीनं ऊस आणि फळबागावाले रस्त्यावर उतरतात, तिकडे मराठवाडा हक्काचं पाणी मागतो. दोघांचंही म्हणणं खरं आहे. मात्र हे पाणी जायकवाडीच्या ज्या जलाशयात, म्हणजे नाथसागरात, जाऊन थांबतं, त्याचा एक मोठा काठ आपल्याच शेवगाव आणि नेवासा तालुक्यांत आहे. त्या काठाचा हिशेब कुठल्याच बैठकीत निघत नाही.

पैठणच्या या धरणाचं लोकार्पण १९७६ साली झालं. पूर्ण भरल्यावर पाणी सुमारे ३५० चौरस किलोमीटरवर पसरतं आणि एकूण क्षमता आहे २,९०९ दशलक्ष घनमीटर. साधा भागाकार केला तर सरासरी खोली जेमतेम आठ मीटर येते. परातीसारख्या या उथळ जलाशयात पातळी हातभर उतरली, तरी सपाट काठावर कितीतरी जमीन उघडी पडते. समुद्राला बहुतेक ठिकाणी दिवसातून दोनदा भरती-ओहोटी येते. इथे भरती पावसाळ्यात एकदाच, आणि ओहोटी दिवाळीपासून मृगापर्यंत चालूच. आपल्या जिल्ह्याला समुद्र नसूनही एरवी खाड्या-किनाऱ्यांवर दिसणारे पाणटिवळे, टिलवे, कुरव, रोहित प्रवरासंगमाच्या अलीकडे-पलीकडे उतरतात, ते या संथ ओहोटीसाठी.

छोटा टिलवा बघा. वजन पंचवीस ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चिमणीएवढंच. उन्हाळ्यात हा पक्षी उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रात अंडी घालतो आणि हिवाळ्याआधी हजारो किलोमीटर उडून आपल्याकडे येतो. पाण्याच्या अगदी कडेला, बोटभर ओलीत, शिवणयंत्राच्या सुईगत त्याची चोच खालीवर होत राहते. टिलव्याच्या कुळातल्या पक्ष्यांच्या चोचीच्या टोकाशी हाडात बारीक खळगे असतात आणि त्यांत दाब ओळखणारी चेताग्रं. चिखलात दडलेला जीव डोळ्यांना दिसत नाही, तरी चोचीला कळतो. त्या चिखलात असतात डासासारख्या दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या माश्यांच्या लालभडक अळ्या. आपल्या रक्तात असतं तसंच हिमोग्लोबिन त्यांच्या अंगात असतं, म्हणून प्राणवायू कमी असलेल्या गाळातही त्या तगतात. पाणी मागे सरकेल तशी दर आठवड्याला अशी एक नवी ओली पट्टी उघडी होते. पाणी एकदम उतरलं तर ती वाळून कडक होते. पातळी हललीच नाही तर ती उघडीच होत नाही. धरणात पाणी किती, याइतकंच ते कोणत्या वेगानं उतरतं, यावर टिलव्याचं पोट अवलंबून असतं.

हीच पट्टी माणसालाही हवी असते. गाळपेर जमीन ती हीच. गहू, हरभरा, कांदा, चारा. खत कमी लागतं, ओल आयती मिळते. धरणात जमिनी गेलेल्या गावांनी त्यावर हक्क सांगावा, यात गैर काहीच नाही. २०१८-१९च्या दुष्काळात शासनानं चारा पिकांसाठी ही जमीन नाममात्र दरानं दिली, ते योग्यच होतं. पट्टकादंब हंस हरभऱ्याचे कोवळे शेंडे खातात, ही शेतकऱ्यांची तक्रारही खरी. अडचण आहे ती पेरा पार पाण्याच्या कडेपर्यंत जाण्याची, कीटकनाशकं त्याच चिखलात झिरपण्याची आणि नदीतल्या वाळूउपशाची.

वाळूउपशाचा फटका सर्वांत आधी नदी सुरयांना बसतो. पिवळ्या चोचीचा, काळ्या टोपीचा हा पक्षी मार्च ते मे या दिवसांत उघड्या पडलेल्या बेटांवर, वाळूत नुसता खळगा करून अंडी घालतो. भर दुपारी जमीन भाजते तेव्हा नर-मादी पाण्यात पोटाची पिसं भिजवून येतात आणि अंड्यांवर बसून ती थंड ठेवतात. पाणी आणखी उतरलं की बेट काठाला जोडलं जातं आणि भटकी कुत्री चालत तिथवर पोचतात. जागतिक पातळीवर हा पक्षी आता असुरक्षित गणला जातो.

नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे ३४१ चौरस किलोमीटरचं. त्यावरच्या तरंगत्या सौर प्रकल्पाला कहार समाजाच्या मच्छीमारांनी हरित लवादात आव्हान दिलं होतं; २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांचं अपील फेटाळलं. सौरऊर्जा हवीच. पण पॅनेल भिंतीजवळच्या खोल पाण्यावर बसवायचे की उथळ फुगवट्यावर, हा प्रश्न न्यायालयानंतरही शिल्लक राहतो आणि त्याचं उत्तर काठावरच्या बारमाही पक्षीगणनेतूनच मिळेल.

कंबोडियात मेकाँग नदीवर हेच सुरय मोजके उरले, तेव्हा तिथल्या गावकऱ्यांनाच विणीच्या हंगामात घरटी राखण्याचं मेहनतान्याचं काम देण्यात आलं. नाथसागरात कोणतं बेट कोणत्या महिन्यात वर येतं, हे इथल्या भोई-कहारांइतकं कुणालाच ठाऊक नसेल. मार्च ते जून अशा बेटांची राखण त्यांच्याकडे द्यावी, रोजंदारी वन विभागानं द्यावी आणि गाळपेरीचे पट्टे वाटताना पाण्यालगतची पट्टी मोकळी सोडावी. यासाठी वरच्या धरणांतून एक थेंबही जास्त सोडावा लागणार नाही.