धबधब्याला दोन महिने गर्दी, जंगलाला दहा महिने कुणी नाही : चिंचोळीचं गणित नेमकं कुठं चुकतंय?

आळंद : पाऊस लागून राहिला की मोबाइलवर धबधब्यांचे व्हिडिओ फिरू लागतात. रविवारी पोरं गाड्या काढतात. कुणी उमरग्याहून हायवे धरून नळदुर्गला जातं, कुणी कलबुर्गीमार्गे चिंचोळीचा एत्तिपोता गाठतं. भिजायचं, रील काढायचं, भजी खायची आणि दिवेलागणीला परत. दसरा झाला की पाणी आटतं, मग वर्षभर तिकडं कुणी फिरकत नाही. पण बघण्यासारखं खरं काही असेल तर ते पाणी आटल्यावरच सुरू होतं, आणि ही गोष्ट आपल्या भागात फार थोड्यांना माहीत आहे.

चिंचोळी तालुका म्हणजे कलबुर्गी जिल्ह्याचं पूर्वेकडचं टोक. एका बाजूला बीदर जिल्हा, दुसऱ्या बाजूला तेलंगणा. कोंचावरमच्या डोंगराळ भागात सागवान, चंदन, रक्तचंदन आणि काटेरी झुडपांचं जंगल आहे. त्यातलं 134.88 चौरस किलोमीटर क्षेत्र 2011 मध्ये वन्यजीव अभयारण्य म्हणून जाहीर झालं. दक्षिण भारतातलं कोरड्या प्रदेशातलं पहिलं अभयारण्य अशी त्याची ओळख सांगितली जाते. तूर आणि सिमेंटच्या कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात एवढं मोठं जंगल आहे, हे ऐकून कलबुर्गी शहरातली माणसंसुद्धा चकित होतात.

धबधबा याच जंगलाच्या भागात आहे. एत्तिपोता हे नाव तेलुगू, उचलून ओतणं असा त्याचा अर्थ. मोबाइलच्या नकाशावर नुसतं नाव टाकून निघालात तर घोटाळा होण्याची शक्यता आहे, कारण याच नावाचा जास्त प्रसिद्ध धबधबा आंध्रात नागार्जुनसागरजवळ आहे. नावापुढं चिंचोळी लिहायला विसरू नका.

आता जरा लांबचं उदाहरण. आफ्रिकेतला व्हिक्टोरिया धबधबा टीव्हीवर सगळ्यांनी बघितलेला असतो. झांबेझी नदी, 1708 मीटर रुंदी, 108 मीटर खोली. झांबिया आणि झिम्बाब्वे या दोन देशांच्या हद्दीवर तो आहे. तिथली माणसं त्याला ‘मोसी-ओआ-तुन्या’ म्हणजे गडगडणारा धूर म्हणतात. डेव्हिड लिव्हिंग्स्टननं 1855 मध्ये तो बघितला आणि आपल्या राणीचं नाव देऊन टाकलं. एत्तिपोत्याची त्याच्याशी तुलना करायला कुणी जाऊ नये, तो आकारानं पोरच आहे. तुलना करायची तर ती धंद्याची करावी.

झांबेझीला एप्रिलच्या सुमारास सगळ्यात जास्त पाणी असतं. तेव्हा तुषार इतके उडतात की समोर उभं राहूनही धबधबा धड दिसत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाणी इतकं उतरतं की झांबियाच्या बाजूला मोठा कडा कोरडा पडतो. मग त्या दिवसांत तिथं कोण जातं? जातात, आणि भरपूर जातात. कारण तेच दिवस जनावरं बघायचे. रानातली पाणवठी आटलेली असतात, गवत वाळून बसलेलं असतं, झाडांची पानं गळालेली असतात, आणि हत्ती, म्हशी, हरणं नदीकाठाला उतरतात. जवळच ह्वांगे आणि बोत्स्वानातलं चोबे ही मोठी राष्ट्रीय उद्यानं आहेत. धबधब्यावरच्या 1905 सालच्या पुलावरून दोरी बांधून उडी मारायचा खेळ चालतो, खालच्या घळीत रबरी होड्या चालतात. पाण्याचा हंगाम संपला की जनावरांचा हंगाम सुरू, म्हणजे हॉटेलवाला, ड्रायव्हर, वाटाड्या कुणाचाच हात रिकामा राहत नाही.

एवढं सगळं मोठ्या जंगलातच जमतं असंही नाही. झांबियाच्या बाजूचं मोसी-ओआ-तुन्या राष्ट्रीय उद्यान जेमतेम 66 चौरस किलोमीटर आहे, म्हणजे चिंचोळीच्या निम्म्याहून लहान. तिथं पांढऱ्या गेंड्यांवर रात्रंदिवस बंदूकधारी पहारा असतो, आणि पर्यटक त्या पहारेकऱ्यांसोबत पायी जाऊन गेंडे बघून येतात.

चिंचोळीत गेंडा नाही, हत्ती नाही, वाघाच्या आशेनंही कुणी जाऊ नये. इथं आहेत ती उघड्या माळाची आणि विरळ झाडीची जनावरं : लांडगा, तरस, खोकड, काळवीट, चौशिंगा, शिवाय वटवाघळांच्या वसाहती आणि नाना तऱ्हेचे पक्षी. नावं ऐकून कुणी म्हणेल, यात काय बघायचं? पण लांडगा भारतात जेमतेम तीन हजारांच्या आसपास उरला असावा असा अंदाज आहे, म्हणजे वाघापेक्षा जास्त नाहीच. कल्याण कर्नाटकातच कोप्पळ जिल्ह्यात बंकापूरला खास लांडग्यांसाठी अभयारण्य केलं गेलं, ते उगाच नाही.

चौशिंगा तर आणखी निराळा. नराच्या डोक्याला चार शिंगं, तीही बोटा-दोन बोटांची. भारत आणि नेपाळ सोडून हे जनावर जगात कुठंच रानात सापडत नाही. लाजाळू, एकटं-दुकटं फिरणारं, आणि त्याला प्यायला पाणी वरचेवर लागतं. त्यामुळं ते पाण्यापासून फार लांब जात नाही. चंद्रमपल्ली धरणाचं पाणी या जंगलाला का महत्त्वाचं, ते यावरून कळावं. फेब्रुवारी ते मे या काळात पानगळ झालेली असते, नाले कोरडे असतात आणि जनावरांना पाण्यावर येणं भाग असतं. पहाटे किंवा उन्हं कलताना गाडी न दामटता, आवाज न करता थांबलं तर काहीतरी दिसण्याची आशा याच दिवसांत. पावसाळ्यात गवत वाढल्यावर दहा हातांवरचं हरीण दिसत नाही, आणि आपण नेमके तेव्हाच जातो, तेही स्पीकर घेऊन.

तरस हे रात्रीचं जनावर. गावाकडं त्याच्याबद्दल नुसती भीती आणि भुताखेतांच्या गोष्टी. खरं तर ते मेलेल्या जनावरांची हाडंसुद्धा फोडून खातं, माळ साफ ठेवतं. त्याची विष्ठा वाळल्यावर चुन्यासारखी पांढरी दिसते, ती पोटातल्या हाडांच्या चुन्यामुळं. वाटाड्या जाणता असेल तर जनावर न दिसताही एवढ्या खुणांवर एक सकाळ छान जाते.

पण वाटाड्या कुठाय? गाडं इथंच अडतं. अभयारण्यात आणि त्याच्या काठावर लमाणी तांडे आहेत. तांड्यातली माणसं वर्षातले कित्येक महिने मुंबई, पुणे, हैदराबादला मजुरीला असतात. जंगलाची वाट न वाट ज्यांना पाठ, ती पोरं पुण्यात सेंट्रिंगच्या कामावर, आणि जंगलात आलेला पाहुणा गूगलवर वाट शोधतोय. अभयारण्य जाहीर झाल्यापासून सरपण, चराई, जमीन यांवर बंधनं आली ती तांड्यावर. रानडुकरानं, काळविटानं तूर-हरभऱ्याचा फडशा पाडला तर नुकसान शेतकऱ्याचं. लांडग्यानं मेंढरू उचललं तर धनगराचं. नुकसानभरपाई मिळते, पण पंचनामा, कागद, हेलपाटे यांत ती किती जणांच्या हाती वेळेत पडते हे गावात विचारून बघावं. जनावर जिवंत राहिल्यानं ज्याचं फक्त नुकसानच होतं, त्यानं ते का राखावं?

झिम्बाब्वेत हाच प्रश्न हत्तींवरून उभा राहिला होता. हत्ती मका तुडवायचे, माणसं मारायचे, आणि पर्यटनाचा पैसा राजधानीत जायचा. म्हणून 1980 च्या दशकाच्या शेवटी ‘कॅम्पफायर’ नावाची योजना आली. वन्यजीवांपासून मिळणाऱ्या उत्पन्नाचा वाटा ग्रामीण परिषदांना आणि गावांना देण्याची ती व्यवस्था. त्यात बराचसा पैसा परदेशी शिकाऱ्यांच्या परवान्यांतून यायचा, जे आपल्याकडं कायद्यानं शक्य नाही आणि नकोच. पुढं पैसे वाटपावरून तक्रारीही झाल्या. पण गावाला वाटा मिळाल्याशिवाय रान टिकत नाही, हे मुळातलं म्हणणं खोडून काढणं कठीण आहे. कर्नाटकचे वनमंत्री ईश्वर खंड्रे बीदर जिल्ह्यातल्या भालकीचे. या भागाची ओळख त्यांना कुणी करून द्यायला नको.

जनावरं हद्दी मानत नाहीत हेही दिसलं आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा एक वाघ शेकडो किलोमीटर चालत धाराशिवच्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यात आला आणि डिसेंबर 2024 मध्ये तिथल्या कॅमेऱ्यात दिसला. मग बार्शीकडंही फिरला. शेतं, ओढे, गायरानं ओलांडतच तो आला असणार. ज्याला आपण सातबाऱ्यावर किंवा पहाणीवर पडीक म्हणून सोडून देतो, त्या माळरानावरूनच ही जनावरं ये-जा करतात.

नळदुर्गचं प्रकरण वेगळं. तिथले नर आणि मादी हे धबधबे किल्ल्यातल्या बंधाऱ्यावरून पडतात. इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळात बोरी नदीवर बांधलेल्या या भिंतीच्या पोटात पाणीमहाल आहे. बाहेर पाणी कोसळत असतं आणि आत माणूस कोरडा उभा. बोरीला भरपूर पाणी आलं तरच हे दिसतं, म्हणून निघण्याआधी नळदुर्गात कुणाला तरी फोन करून खात्री करावी. भिंतीखालचा काळा दगड लाव्हाचा आहे, आणि झांबेझी जिथून कोसळते तो कडाही लाव्हाचाच, मात्र आपल्याहून कितीतरी जुना.

चिंचोळीला जायचं तर आळंद-कलबुर्गी-चिंचोळी असं सव्वाशे किलोमीटरच्या आसपास अंतर पडतं. चिंचोळीपर्यंत केकेआरटीसीच्या बसा आहेत, कर्नाटकातल्या बायकांना साध्या बसला शक्ती योजनेत तिकीट नाही. पुढं जंगलाकडं मात्र स्वतःची किंवा भाड्याची गाडी लागते. प्रवेश, मुक्काम, आत कुठपर्यंत जाता येतं याची चौकशी चिंचोळीच्या वन कार्यालयात आधी करून घ्यावी, कारण अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. त्याच कायद्यानं आत जाळ करणं, कचरा टाकणं, जनावरांना छेडणंही गुन्हा. चूल मांडून मटण शिजवायचा बेत असेल तर तो शेतातच करावा.

पावसाळ्यात जाणाऱ्यांसाठी एकच. धबधब्याखालचं पाणी वरून उथळ वाटतं, पण खाली घडलेले डोह असतात आणि दगडांवर शेवाळ. वरच्या अंगाला पाऊस झाला तर इथं ऊन असतानाही पाण्याचा लोंढा येतो. पाणी अचानक गढूळ झालं, काड्या-पाला वाहत येऊ लागला की मोबाइल खिशात घालून ताबडतोब काठावर यायचं, चप्पल राहिली तर राहू द्यायची.