शेवंती घाटावरूनच का येते?

वज्रेश्वरी मंदिराच्या परिसरात नवरात्रात शेवंती लागते, पण तिची मोठी शेती पुणे, नगर, सोलापूरकडे, म्हणजे घाटावर. ती इथे पिकत नाही याचा दोष उकाड्याला दिला जातो. उकाडा फुलणे लांबवतो हे खरे. तरी मोठा अडसर पाऊसच. सूर्यफुलाच्या कुळातले हे झुडूप रात्र लांबू लागली की कळी धरते. दसऱ्याला फूल हवे तर मुळांजवळचे फुटवे, म्हणजे काश्या, उन्हाळ्याअखेर लावून, महिनाभराने शेंडा खुडून झाड पावसाळ्यातच वाढवावे लागते. इथल्या, तानसा नदीकाठच्या धो धो पावसात नेमके तेव्हाच पाणी साचते, मुळे कुजतात.

मग पाऊस सरल्यावर लावावी, असे कोणी म्हणेल. पण तेव्हा रात्री लांबलेल्या असतात. रोप वीतभर असतानाच कळ्या येतात, आणि ते टाळायला शेतात रात्री दिवे लावावे लागतात. पॉलिहाऊसमध्ये लावावी, हा आक्षेप जास्त वजनदार. मात्र हाराच्या सुट्या फुलांच्या भावात तो खर्च निघणे कठीण. परसात उंच गादीवाफ्यावर, निचऱ्याच्या मातीत चार झाडे जरूर फुलतील. शेतीसाठी मोगराच बरा. शेजारच्या पालघर जिल्ह्यात विक्रमगडच्या शेतकऱ्यांनी तो उगीच निवडलेला नाही.