छपराखालचा बाजार

भोपाळातील आम्हा मराठी कुटुंबांत ‘जरा न्यू मार्केटला जाऊन येतो’ असे कोणी म्हटले, म्हणजे काही विकत आणावयाचेच असते असे नव्हे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले आणि नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर येथील कचेऱ्यांबरोबर त्यांतील कारकून, लेखापाल व अभियंते बिऱ्हाडे घेऊन इकडे आले. तात्या टोपे नगरातील सरकारी घरे आणि त्यांच्या कुशीतले न्यू मार्केट ही त्याच स्थलांतराची अपत्ये होत. जुन्या शहरातील चौक बाजार बेगमांच्या काळचा. त्याची ऐट निराळी. न्यू मार्केट मात्र पगारदारांचे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तेथे खरेदी करावी आणि अखेरच्या आठवड्यात नुसते हिंडावे, हा परिपाठ आमच्या घरांत दोन पिढ्या चालला.

योगायोग असा की, त्याच ऋतूत, 8 ऑक्टोबर 1956 रोजी, अमेरिकेत मिनेसोटा राज्यातील एडायना येथे साउथडेल हे पूर्णपणे बंदिस्त व वातानुकूलित बाजारसंकुल उघडले. त्याचा वास्तुशिल्पी व्हिक्टर ग्रूएन मूळचा व्हिएन्नाचा. आपल्या जन्मगावच्या चौकांतली पायी चालणाऱ्यांची वर्दळ मोटारींच्या उपनगरात आणावी, भोवती घरे, शाळा, दवाखाने उभे राहावेत, असा त्याचा मानस होता. उभे राहिले ते वाहनतळ. उतारवयात ग्रूएनने मॉलचे पितृत्वच नाकारले.

आपल्याकडे हे वारे पोहोचावयास चाळीसहून अधिक वर्षे लागली. मुंबईत हाजी अलीजवळ 1999 साली ‘क्रॉसरोड्स’ सुरू झाले, तेव्हा नुसते सरकते जिने पाहण्यासाठी झुंबड उडाली. इतकी की, आत शिरण्यासाठी भ्रमणध्वनी किंवा क्रेडिट कार्ड दाखवावे, नाहीतर शुल्क भरावे, अशी अट घालण्यात आली. टीका झाली आणि अट गेली. परंतु जागा मुळात लहान होती. पुढे परळला जुन्या फिनिक्स गिरणीच्या आवारात विस्तीर्ण मॉल विकसित झाला आणि गिऱ्हाईक तिकडे वळले. क्रॉसरोड्सचे ‘सोबो सेंट्रल’ झाले, तरी दैव पालटले नाही. कर्ज थकले आणि 2024 साली ती वास्तू 476 कोटी रुपयांना दुसऱ्या उद्योगसमूहाकडे गेली.

भोपाळात महाराणा प्रताप नगराच्या बाजूस 2010 साली डी. बी. सिटी मॉल उघडला. चित्रपटगृहे, खाद्यपदार्थांचे दालन, शेजारी मोठे हॉटेल, असा सारा सरंजाम त्यात होता. त्या सुमारास शहरात लहान लहान संकुलेही ‘मॉल’ हे नाव लावून उभी राहत होती. त्यांपैकी एकात आमच्या परिचयातील एका निवृत्त लेखापालांनी भविष्यनिर्वाह निधीच्या पैशातून दुसऱ्या मजल्यावर एक गाळा घेतला. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासलेला माणूस; पण काचेच्या दर्शनी भिंतीपुढे तोही भुलला. आम्हीही भुललोच होतो. उद्घाटनाचे पेढे आम्ही आनंदाने खाल्ले.

येथे थोडा व्यवहार समजून घेतला पाहिजे. मोठ्या मॉलचा मालक बहुधा गाळे विकत नाही, भाड्याने देतो. कोणत्या दुकानाशेजारी कोणते दुकान यावे, हे तो ठरवितो आणि चित्रपटगृह मुद्दाम वरच्या मजल्यावर ठेवितो, म्हणजे प्रेक्षकाला साऱ्या दुकानांवरून जावे लागते. लहान संकुलाचा बांधणारा मात्र एकेक गाळा विकून मोकळा होतो. मग मालक शंभर आणि धनी कोणीच नाही, अशी अवस्था होते. कापडाच्या दुकानाला लागून झेरॉक्सवाला बसतो. तळमजला कसाबसा चालतो. वर कोणी चढत नाही. दुकाने बंद पडली की देखभालीची वर्गणी थकते, वर्गणी थकली की सरकता जिना थांबतो, आणि जिना थांबला की उरलेली दुकानेही जातात. लेखापालांच्या गाळ्यात प्रथम भेटवस्तूंचे दुकान आले, नंतर शिकवणीवर्ग. मार्च 2020 च्या टाळेबंदीनंतर काहीच आले नाही. गाळा विकावा, तर घेणारा नाही. ठेवावा, तर मालमत्ता कर चुकत नाही. मुलीच्या लग्नाला काढावयाचे म्हणून राखलेले पैसे त्या दीडशे चौरस फुटांत अडकून बसले, आणि लग्न कर्ज काढून झाले.

न्यू मार्केटलाही सुखाचे दिवस आहेत असे नाही. स्मार्ट सिटीची योजना 2016 साली आधी शिवाजीनगर–तुलसीनगरावर येऊ घातली होती. झाडे जातील म्हणून रहिवाशांनी विरोध केला, तेव्हा ती तात्या टोपे नगराकडे वळली. तेथील जुनी सरकारी घरे पाडण्यात आली, आणि पायी येणारे हुकमी गिऱ्हाईक विखुरले. आमच्यापैकी पुष्कळ जण आता कोलार रस्त्याकडे राहावयास गेले आहेत. तरीही सणासुदीला तेथे पाऊल ठेवावयास जागा नसते. ना छप्पर, ना गारवा. उन्हाळ्यात तर जीव नकोसा होतो. पण तेथे घासाघीस करता येते, आणि दुकानदार घरच्यांची विचारपूस करतो.

लेखापालांचे वय आता पंचाहत्तरीपुढे गेले आहे. दर वर्षी दसऱ्याच्या आधी ते गाळ्यावर जातात, शटर वर करतात, झाडलोट करतात आणि पुन्हा कुलूप लावतात. गेल्या वर्षी आम्ही त्यांच्याबरोबर गेलो होतो. जिना बंदच होता, म्हणून त्याच्याच पायऱ्यांवरून चढून वर गेलो. बरोबर नेलेली केरसुणी मात्र आम्ही वाटेत न्यू मार्केटमधून घेतली होती.